मॅकरे साहेबांच्या मुलीचं लग्न आणि माझा किल्ट

१८ मे १९८६, रविवार. शुगर लँड, टेक्सास.
मॅकरे साहेबांच्या मुलीच्या लग्नाचं आमंत्रण. १४ जून. तेलाचे भाव कोसळल्यापासून ऑफिसात रोज एखादं टेबल रिकामं होतंय. अशा वेळी साहेबांच्या नजरेत भरणं आवश्यक. बाकीचे सूट घालतील. मी किल्ट घालणार, स्कॉटिश पुरुषांचा तो चौकडीचा घागरा. साहेब मूळचे स्कॉटिश. आडनावच सांगतं.
पद्मजाला प्लॅन सांगितला. ती म्हणाली, आधी गॅरेज आवरा.

२५ मे
मेल ऑर्डरने किल्ट मागवला. आठ वार लोकर! प्रत्येक घराण्याची म्हणे वेगळी चौकडी असते. मॅकरेंची स्टॉकमध्ये नव्हती. लाल-हिरवी घेतली. चौकडी ती चौकडी.

७ जून, शनिवार
पार्सल आलं. किल्टला एका बाजूला निऱ्या, दुसरी बाजू सपाट. पद्मजाचं म्हणणं, चित्रात सपाट बाजू पुढे आहे. चित्र कमरेपासून खाली होतं, डोकंच नाही. माणूस पाठमोरा नसेल कशावरून? शिवाय निऱ्या पुढेच असतात, हे साडी नेसणाऱ्या बाईला मला सांगावं लागावं!
सोबत स्पोरन, म्हणजे केसाळ चामड्याची पिशवी. खांद्याला छान दिसते.
लोकरी मोजे वेगळे घ्यावे लागणार होते. सीमाचे सॉकरचे मोजे गुडघ्यापर्यंत येतात. काम झालं. सीमा म्हणाली, "डॅड, यू आर नॉट गोइंग आउट इन दॅट." वय वर्षं चौदा. समजेल हळूहळू.

११ जून
मागच्या गल्लीतला प्रताप बिअर प्यायला आला. डेंटिस्ट, पण सगळ्या विषयांत बोलतो. म्हणे, यार, किल्टच्या आत काही घालायचं नसतं. मी घालणार.
किल्टची मोठी पिन फक्त वरच्या पदराला लावा, असं कागदावर लिहिलंय. नुसती शोभेला? मी दोन्ही पदर आरपार टोचणार. वाऱ्याचा भरवसा नाही.

१३ जून
रंगीत तालीम. गुडघे टेकल्यावर कड जमिनीला जेमतेम लागायला हवी. माझी कार्पेटवर वीतभर पसरली. पँटसारखा कमरेखाली बांधलाय, तरी इतकं उरतंय. कापड सढळ हाताने दिलंय. प्रामाणिक कंपनी.
ड्रेसच्या दुकानातून पिसांची उंच टोपी भाड्याने आणली. भुवयांपर्यंत येते. हनुवटीखाली पट्टा. रुबाबदार.

१४ जून, शनिवार. सकाळ.
बाहेर भट्टी. लोकर टोचते. मोज्यात सुरी खोचतात, म्हणून आमची चीज कापायची सुरी घेतली. आत्मविश्वास पूर्ण.

१४ जून, संध्याकाळ.
पिनमुळे गाडीतून उतरताना पाय फाकेनात. जोर लावला. चर्र. पद्मजा म्हणाली, मी पुढे होते, आणि खरंच झाली.
हॉलवर सगळे सुटात, नाहीतर काउबॉय बुटांत. साहेबसुद्धा! कळलं की त्यांचे पणजोबा टेक्सासला आले होते. किल्ट फक्त दोघांना. मी आणि बॅगपाइप वाजवायला भाड्याने आणलेला रिची.
व्यवस्था बघणाऱ्या बाईंनी मला मागच्या दाराने आत नेलं. वाटलं, खास पाहुणा. दार उघडलं तर किचन.
रिची अस्सल स्कॉटिश, ग्लासगोचा. माझ्याकडे बराच वेळ बघून त्याने विचारलं, तुला हे कुणी नेसवलं? मी म्हटलं, स्वतःच. त्याने किल्ट गर्रकन फिरवला, निऱ्या मागे. वर ओढून बेंबीपाशी बांधला. पिन एकाच पदराला लावली. खांद्यावरची पिशवी काढून पुढे पोटाखाली अडकवली. सुरी मोज्यातून काढून ओट्यावर ठेवली. मग आम्ही दोघं ओट्याशी उभे राहून चिकन जेवलो. भला माणूस. त्याला सांगितलं, मी मुद्दामच सगळं थोडं वेगळं करून पाहत होतो.
दाराच्या फटीतून दिसलं, पद्मजा साहेबांच्या टेबलावर. हसतेय.
मग रिची वाजवायला बाहेर गेला. मीही गेलो. त्याच्या शेजारी ताठ उभा, टोपी भुवयांपर्यंत. साहेबांनी दोनदा रोखून पाहिलं. मी दोन्ही वेळा हसलो. एकदा तर हात वर केला त्यांनी. त्यावर रिचीने वाजवायचं थांबवलं, तो भाग वेगळा.
साहेबांच्या नजरेत भरलो. नक्की.
घरी येताना पद्मजा गप्प. भारावली असणार.

१६ जून, सोमवार
साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. टाय नीट करून गेलो. त्यांनी बसायला सांगितलं, कॉफी मागवली. चिन्हं उत्तम.
मग आपुलकीने विचारलं, "ताप उतरला का?"
मला कळेना. म्हणाले, तुझ्या बायकोने सांगितलं, अंथरुणातून उठवत नव्हतं तुला. तरी बिचारी एकटी आली. आम्हाला फार आवडली ती. तू असतास तर मजा आली असती.
मग जरा वाकून, हळू आवाजात: त्या बॅगपाइपवाल्यांनी न सांगता दोन माणसं पाठवली. त्यातल्या एकाने काहीच वाजवलं नाही. नुसता माझ्याकडे बघून हसत होता. काय लोक असतात!
मी म्हटलं, सर, ताप उतरलाय.