कॅमेऱ्यावर घेतलेला आळ

दि. ९ फेब्रुवारी, रविवार सकाळ

प्रिय ठमे,

आशीर्वाद. तुला नातवंडं झाली तरी तू ठमीच, त्यामुळे मायना बदलणार नाही. आम्ही दोघं मजेत आहोत. तुमच्याकडेही सगळं ठीकच असणार, नाहीतर एव्हाना तुझे दहा फोन येऊन गेले असते.

पत्र कशाला, फोन का नाही, असं म्हणशील. फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, हे लहानपणापासूनचं. आणि पत्र टाइप केलेलं का, हेही विचारशील. अगं, टॅब तूच पाठवलास ना? मग वापरतोय. एका बोटाने ठोकत बसलोय. चहा गार होऊन गेला आणि मी अजून इथवरच आलोय.

तू तीन गोष्टी विचारल्यास. टॅब कसा निघाला, वहिनी कशी आहे, हात कसा आहे. वर दम दिलास की कॅमेरा खरंच हलत असेल तर या महिन्यात दुकानदार परत घेतोय, मुकाट्याने पाठवून दे. ओळीने उत्तरं देतो. उडी मारून शेवट वाचू नकोस, तुझी खोड मला ठाऊक आहे.

तर टॅब. फार महागाचा नाही, अगदी स्वस्तातलाही नाही, असा मधला घेतलास ते बरं केलंस. पडदा मोठा आहे. पेपर वाचताना चष्मा हुडकत बसावं लागत नाही, दोन बोटांनी ताणलं की अक्षर मोठं. चार्जिंग दीड दिवस आरामात पुरतं. गाणी ऐकावीत तर आवाज डब्यातून आल्यासारखा येतो, पण तुझ्या वहिनीला स्वयंपाकघरात ऐकू जातो, म्हणजे झालंच.

आता रडगाणं ऐक. संपलेलं चार्जिंग भरायला अर्धा दिवस खातो. उन्हात नेला की पडद्यावर स्वतःचंच थोबाड दिसतं. पडून वाचताना डुलकी लागली की थेट नाकावर आपटतो. दोन-तीन कामं एकदम सांगितली की जावयासारखा रुसून बसतो. जागाही भरत आली, कारण वहिनीने तुझ्या नातवाचे रांगतानाचे व्हिडिओ साठवलेत आणि त्यातला एक पुसू देईल तर शपथ. आणि पेन! खोक्यावर पेनाचं चित्र आहे, आत पेन नाही. मी खोकं उलटं करून झटकलं, पुठ्ठे उचकटले, वहिनीवर ओरडलो की तूच कचऱ्यात टाकलंस. पेन वेगळं विकत घ्यावं लागतं म्हणे. हे दुकानदाराने तुला सांगायला नको?

कॅमेऱ्याचं नंतर बघू.

रंगाच्या बाबतीत मात्र या टॅबने मला तोंडघशी पाडलं. फुलवालीला पाटी हवी होती, सूर्यफुलाच्या पिवळ्या रंगात. मी टॅबवर तिला रंग दाखवला, तिने पसंत केला. मग मी दुकानाच्या आतल्या कोपऱ्यात रंगाचा डबा आणि टॅब शेजारी शेजारी ठेवून मिसळायला बसलो. थोडा लाल, थोडा काळा, पुन्हा थोडा काळा. हुबेहूब जुळला! इतकी वर्षं या धंद्यात घालवून मला सुचलं नाही की हा शहाणा कमी उजेडात आपणहून मंद होतो. मी जुळवला तो पिवळा नव्हताच, त्याचा अंधारातला अवतार होता. पाटी बाहेर नेली तर सगळी मोहरीसारखी काळपट. फुलवाली पाटीकडे बघून म्हणाली, "पेंटर, हे सूर्यफूल आजारी आहे का?"

पुन्हा रंगवली. म्हणजे रंगवून घेतली. ते पुढे येईलच.

वहिनी झकास आहे. गुडघे जिना चढताना तेवढे बोलतात. सध्या तिच्या कोपरापर्यंत निळा रंग लागलेला असतो आणि काल केसांतही होता. मी हसलो तर म्हणाली, "हसा, पण माझ्या मागे उभं राहून श्वास सोडू नका, ब्रश हलतो." ब्रश कसा धरावा हे ती मला शिकवायला लागली आहे, बघ! मला!

आता तू म्हणशील, दादाच्या दुकानात वहिनीच्या हातात ब्रश कसा? लग्न झाल्यापासून मी तिला डब्याचं झाकणसुद्धा उघडू दिलं नव्हतं.

बरं. हात.

थरथरतो. उजवा. गेल्या पावसाळ्याआधीच सुरू झालं. शिंप्याच्या दुकानाची पाटी रंगवत होतो, उभी रेघ खाली ओढली आणि ती मधेच वाकडी गेली. मी शिडीला शिव्या घातल्या. शिडी भिंतीला घट्ट टेकलेली होती, शिंपी खाली उभा राहून बघत होता. मग ब्रशला नावं ठेवली, मग रंगाला, मग त्या रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रकना. डॉक्टर म्हणतात, याने जीव जात नाही, पण हे जाणारही नाही. औषधाने जेवताना बरं असतं, भाजी सांडत नाही. बारीक ब्रश मात्र धरवत नाही. मी तुला सांगितलं नाही, कारण तू लगेच म्हणणार, दुकान बंद करा आणि इकडे या राहायला. आणि तुझ्याकडे येऊन मी करू काय? तुझ्या दारावरची पाटी वाचत बसू?

टॅब आला त्या दिवशी व्हिडिओ कॉलवर तुला दुकान दाखवायला म्हणून मी तो हातात घेऊन फिरलो. तू म्हणालीस, दादा, चित्र केवढं हलतंय! मी म्हणालो, कॅमेराच हलका आहे, मधल्या किमतीत एवढंच मिळणार. त्यानंतर तुझा फोन आला की मी टॅब भिंतीला टेकवून ठेवतो आणि हात मांडीखाली दाबून बसतो.

ठमे, कॅमेऱ्यात काही खोट नाही. त्याच्यावर घेतलेला आळ मी मागे घेतो. टॅब परत मागवू नकोस, पाया पडतो तुझ्या. का, ते ऐक.

पेन आणल्यावर एका दुपारी मी चित्र काढायच्या अ‍ॅपमध्ये सहज अक्षर काढून बघितलं. आधी पेन पुढे जायचं आणि रेघ मागून यायची, एवढा राग आला. त्यात हाताची थरथर, सगळी गिचमिड. तेवढ्यात आत एक सोय सापडली, हाताचा कंप काढून रेघ सावरून घेते. ती चालू केली आणि 'श' काढला. तोच पूर्वीचा 'श' आला गं. माझं पोट, माझी शेपटी, खाली मी देतो तो किंचित फुगवटा. मला वाटलं होतं ते वळण संपलं. ते हातात नव्हतंच, डोक्यात होतं, शाबूत होतं. मी वहिनीला हाक मारली. तिने कणकेचे हात तसेच ठेवून वाकून बघितलं आणि म्हणाली, "हे तुमचंच आहे." मी रडलो. सांगून टाकतो, चांगला हमसून रडलो.

आता आमची पद्धत अशी. मी टॅबवर अक्षरं काढतो. कोपऱ्यावरचा छपाईवाला ती मोठी करून कागदाच्या तुकड्यांवर छापून देतो. आम्ही तुकडे चिकटवतो. वहिनी अक्षरांच्या कडेने सुईने भोकं पाडते, मग कागद पाटीवर लावून त्यावर खडूच्या भुकटीची पुरचुंडी थोपटते. कागद काढला की पाटीवर ठिपक्यांची अक्षरं तयार. त्यात ती रंग भरते. मी शेजारी स्टुलावर बसून सूचना देतो आणि ती त्यातल्या निम्म्या ऐकते. तिचा हात माझ्या चांगल्या दिवसांतल्या हातापेक्षा स्थिर आहे. ही गोष्ट मी तिला अजून सांगितलेली नाही, तूही सांगू नकोस, डोक्यावर बसेल.

मागच्या आठवड्यात वाचनालयाच्या बाई आल्या. दारावर मोठी पाटी हवी होती. "छापील फलक नको, हातानेच करणार ना?" म्हणाल्या. मला खोटं बोलवेना. म्हणालो, "हातानेच, पण हात माझा एकट्याचा नाही." सगळं दाखवलं, टॅब, कागद, सुई. वाटलं, काम गेलं. बाईंनी वहिनीच्या निळ्या कोपराकडे बघितलं आणि म्हणाल्या, "मग खाली सही दोघांची हवी."

पाटीच्या कोपऱ्यात मी नेहमी बारीक 'पेंटर' लिहितो, तुला माहीत आहे. या वेळी ते मी स्वतः लिहिलं, ब्रशने. ठिपके नाहीत, टॅब नाही. वाकडं आलं. वहिनी म्हणाली, राहू दे. मग तिला म्हटलं, तुझं नाव घाल. तिने खूप आढेवेढे घेतले, लाजली, आणि माझ्या सहीच्या पुढे लिहिलं, 'आणि मी'. काल पाटी लागली. आम्ही रस्त्याच्या पलीकडे उभं राहून ती बघत होतो, दोनदा भाजीवाल्याने हटकलं, वाट अडवू नका म्हणून.

तेव्हा दुकान बंद होणार नाही. तुझ्याकडे येऊ, आठवडाभर राहू, तुझ्या हातचं खाऊ आणि परत येऊ. तुझ्या सासऱ्यांना असाच टॅब घ्यायचं मनात आहे म्हणालीस, तर खुशाल घे. याहून महागाचा नको. फक्त पेनाचं आधी विचार, आणि त्यांना म्हणावं, पडून वाचू नका.

पुढच्या वेळी फोन केलास की मी टॅब हातात धरणार आहे. चित्र हलेल. तू बघ.

खाली नाव पेनने लिहितोय आणि ती सावरायची सोय बंद केली आहे. वहिनीही शेजारी येऊन बसली आहे, पेन मागतेय.

तुझा,
थरथरता पण ठणठणीत,
दादा

आणि मी