माजघरातली तुळई

पन्नालाल,

लहान मुलांना सांगतो तसं तुला सांगतो. डोळे मिट आणि माजघराची तुळई डोळ्यांसमोर आण. तिला लागलेली वाळवी मारली तर पाप लागेल म्हणून तू तुळईवर नुसता गेरू फासलास! अरे, तिच्याखाली पोरं झोपतात, ते जीव नव्हेत?

आज धाकट्या उगमला खांद्यावर घेऊन लाकूड वाजवायला शिकवलं. भरीव लाकूड टणटणतं, तुझी तुळई बदबदली. पोरीनं बोट दाबलं, ते पेरभर आत गेलं.

मी घोडेगावहून ज्योतिबा सुताराला आणतो. तोवर टेकू लाव. जुनं लाकूड वाळवीसकट माळावर नेऊन ठेवू.

उगम म्हणाली, "पण पन्नालालकाका तर म्हणतात, तुळई लई पक्की!" मग तिनं आपली वाकळ ओसरीवर नेली आणि तुझं अंथरूण तुळईखाली घातलं.

रिखबचंद