तहानलेल्या गुरांचा दुसरा शॉट

ताई,

तुला वाकून नमस्कार. मी खुशाल आहे, जेवतोही वेळेवर. एवढं आईला मोठ्याने वाचून दाखव. पुढचं मनातल्या मनात वाच.

एका संस्थेने दुष्काळातल्या गुराख्यांसाठी पाण्याचा हौद बांधलाय, त्याचीच फिल्म आम्ही करतोय. काल चार दिवसांची तहानलेली गुरं हौदाकडे निघाली, तेवढ्यात ऊन गेलं आणि मीच ओरडलो, "थांबवा! पुन्हा एकदा!"

गुराख्यांनी काठ्या आडव्या धरून कशीबशी ती मागे नेली. दुसऱ्यांदा मात्र ती कुणाच्या बापाचं ऐकेनात. मी कॅमेऱ्यासकट त्यांच्या वाटेत! एका म्हाताऱ्या गुराखिणीने कॉलर धरून मला हौदाआड ओढलं, म्हणून वाचलो. कॅमेऱ्याचा चुरा झाला, तिचं वासरू तुडवलं गेलं. तरी तिने मलाच विचारलं, "लागलं का रे बाळा?"

आईचे गुडघे कसे आहेत? 

आमच्या दिग्दर्शक साहेबांनी दुसरा कॅमेरा मागवलाय. उद्या पुन्हा तोच शॉट. आणि ऊन गेलं तर "थांबवा" म्हणून ओरडायचंय मलाच.

कुत्रं दिसलं की तुझ्यामागे लपणारा,
तुझा धाकटा