रिकाम्या पेल्यांची वस्ती

दि. ३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

मी कोणाचा आजोबा नाही! लातूरहून आलेल्या त्या रेणुकाबाईंनी 'आजोबा' म्हणताच त्यांना हे पहिल्याच भेटीत सांगून टाकले. माझे नाव नरसिंग. रेल्वेच्या गँगमधून सेवानिवृत्त. उमरीच्या आमच्या विहारात गेली तीस वर्षे वंदना आणि वाचन मीच करतो. शिक्षण चौथी – परंतु ती चौथी जुनी आहे.

बाई संशोधन करीत आहेत. घरातील माणूस जाऊन वर्ष उलटले तरी ज्याचे दुःख उतरत नाही, असा मनुष्य ओळखण्यासाठी एक प्रश्नावली आहे म्हणे. परदेशात तयार झाली, मराठीत आणली. ती आपल्याकडे खरे मोजते किंवा कसे, याची पडताळणी लातूर आणि नांदेड या दोन्ही जिल्ह्यांत चालू आहे. वस्तीतील पुष्कळ बायांना वाचता येत नाही. तेव्हा स्पष्ट वाचणारा, ओळखीचा माणूस हवा.

दुःख मोजण्याची कल्पनाच मला मान्य नाही. तसे तोंडावर सांगितले. परंतु वाचणारा हवा असेल तर या वस्तीत दुसरा कोण आहे? होकार दिला.

दि. ५ नोव्हेंबर, बुधवार

नियम समजून घेतले. जसे छापले तसे वाचावे. अर्थ सांगत बसू नये. उत्तर सुचवू नये. प्रत्येक प्रश्नाखाली पाच पेल्यांचे चित्र आहे – पहिला रिकामा, पाचवा काठोकाठ. 'अजिबात नाही' असेल तर रिकाम्यावर बोट, 'अतिशय' असेल तर भरलेल्यावर.

दि. ८ नोव्हेंबर, शनिवार

विहारात वाचन केले. शेजारच्या नागुबाई प्रथम. त्यांचे यजमान दोन वर्षांपूर्वी गेले. मी वाचले, "ती व्यक्ती गेली, हे अजून मनाला पटत नाही असे होते का?" नागुबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला. "न्हाई, बापू." रिकामा पेला. पुढचा प्रश्न – रिकामा. त्यांच्यामागून आलेल्या सर्व बायांचे तसेच. शेवटी घरी येऊन सत्यशीलेस, माझ्या सुनेस, विचारले. सर्व रिकामे!

या वस्तीला वळण मी लावले आहे. पूर्वी मयत झाली की बाया ऊर बडवीत, मातीत लोळत. आपण बुद्धाचे झालो, मग हे कशाला? प्रत्येक मयतीस मी उभा राहून सांगितले – रडारड बंद, वंदना घ्या. आणि बंद झाली! माझ्या घरचीही. प्रीतम, माझा एकुलता मुलगा, किनवटच्या एका आश्रमशाळेत शिक्षक होता. तीन वर्षांपूर्वी घाटात मोटारसायकल घसरली. त्याला अंगणात आणले तेव्हा सत्यशीलेने हंबरडा फोडला. मी म्हणालो, "सत्यशीला, पुरे." ती थांबली. त्या दिवसापासून तिच्या डोळ्यांत पाणी पाहिले नाही. अशी सून आहे!

दि. १६ नोव्हेंबर, रविवार

रेणुकाबाई कागद घेऊन परत आल्या. "लातूरला असं कुठंच झालं नाही. तुमच्या वस्तीत एकाचाही पेला भरलेला नाही. घोटभरसुद्धा नाही!"

मी म्हणालो, "मग अभिनंदन करा."

त्या हसल्या नाहीत. मी विचारले, "माझ्या वाचनावर संशय आहे?" त्यांनी वाचन ध्वनिमुद्रित केले होते. सगळे ऐकले होते. "वाचन एकदम बरोबर आहे. एक अक्षर इकडचं तिकडं नाही."

मग प्रश्न मिटला! परंतु नाही. तेच प्रश्न काही दिवसांनी पुन्हा विचारावयाचे असतात, उत्तर टिकते की नाही हे पाहण्यासाठी. आणि या खेपेला त्या स्वतः वाचणार. मी हजर राहावयाचे नाही.

एकदा दिलेले उत्तर दुसऱ्यांदा मागणे म्हणजे समोरच्याचा अपमान. हेही तोंडावर सांगितले.

दि. २३ नोव्हेंबर, रविवार

मला विहाराबाहेर पिंपळाच्या पारावर बसविले. ज्या विहाराची किल्ली माझ्या कमरेला आहे, त्या विहाराबाहेर!

माझ्या वाचनाला एकेका बाईस चहा निवेपर्यंत वेळ लागे. येथे नागुबाई आत गेल्या त्या बाहेर येईनात. आल्या तेव्हा नाक लाल. माझ्याकडे न पाहता बोळातून गेल्या. सत्यशीला सर्वांत शेवटी गेली. दिवे लागले तरी आतच.

रात्री जेवणात मीठ नव्हते. मी तसेच जेवलो. तीही जेवली.

दि. २४ नोव्हेंबर, सोमवार

रेणुकाबाईंना विचारले – कोणी कोणता पेला दाखविला? "ते सांगता येत नाही. सांगितलं तर उद्या कुणी खरं बोलणार नाही." एवढे मात्र म्हणाल्या की, माझे कागद पडताळणीत धरता येणार नाहीत.

एक अक्षर चुकले नाही असे ज्या तोंडाने म्हणाल्या, त्याच तोंडाने हे!

नळावर नागुबाईंना गाठले. स्पष्ट विचारले. त्यांनी घागर खाली ठेवली. जसे बोलल्या तसे लिहितो. "बापू, तुम्ही समोर बसल्यावर तोंडाला कुलूप लागतंय. तुमच्यापुढं 'हाव' म्हणायचं म्हंजे तुम्ही मोडलेली रडारड पुन्हा मांडल्यावानी. त्या पोरीनं विचारलं, तं लई बोलले म्या."

मी म्हणालो, "आपल्या वस्तीला असले आजार नाहीत."

"विहारात तुम्हीच वाचता न्हाई का, जगात दुःख हाय म्हणून? साऱ्या जगात हाय, अन् उमरीतच कसं न्हाई वो बापू?"

नळावरच्या बाया हसल्या. मी घरची वाट धरली. नळावर धर्मचर्चा करण्याची माझी पद्धत नाही.

दि. २५ नोव्हेंबर, मंगळवार

सत्यशीलेने भाकरी वाढताना विचारले. नांदेडला एक डॉक्टरीणबाई आहेत, दर बुधवारी बसून नुसते बोलावयाचे. रेणुकाबाईंनी चिठ्ठी दिली आहे. "मामा, जाऊ का?"

मी म्हणालो, "आपल्या घरात कोणी आजारी नाही."

"बरं," म्हणाली. तेच 'बरं' – तीन वर्षे ऐकत आलो तेच.

दि. २६ नोव्हेंबर, बुधवार

नांदेडची गाडी वेळेवर गेली. सत्यशीला धुणे वाळत घालीत होती. गाडीचा आवाज संपेपर्यंत एकच लुगडे पिळीत उभी राहिली.

दि. २७ नोव्हेंबर, गुरुवार

संतापाने झोप लागली नाही. मी या वस्तीला काय वाईट शिकविले? कर्मकांड बंद केले. बायांची फजिती बंद केली. लोक म्हणत, यांना माणूस मेल्याचेही वळण नाही – त्यांची तोंडे बंद केली! ते सर्व चूक? मी मान्य करीत नाही. आजही नाही.

दि. २८ नोव्हेंबर, शुक्रवार

वाचून वाचून प्रश्न पाठ झाले आहेत. सकाळी दाढी करताना एक आपोआप तोंडी आला – "गेलेल्या व्यक्तीची ओढ इतकी लागते का, की दुसरे काही सुचत नाही?" आरशापुढे मोठ्याने वाचला गेला. अर्धी दाढी राहिली. तशीच पुसली.

दि. ३० नोव्हेंबर, रविवार

रेणुकाबाई निरोप घेण्यास आल्या. मी त्यांना बसविले आणि विचारले, "यादीत ज्यांच्या घरचे माणूस गेले त्या सर्वांची नावे आहेत. माझे का नाही?"

"तुम्ही वाचक होतात ना."

"वाचक आहेच. बाप नाही का?"

त्यांनी यादी पुन्हा पाहिली. मग म्हणाल्या, "तुम्हाला सगळे प्रश्न पाठ आहेत. तुमचा कागद अभ्यासात धरता यायचा नाही."

"माझे कागद न धरण्याची तुम्हाला सवयच आहे. धरू नका. परंतु विचारावे!"

लातूरची गाडी सुटण्याची वेळ झाली होती. कोरा कागद ठेवून गेल्या. म्हणाल्या, "ज्यांच्यापुढं 'हो' म्हणता येईल, त्यांच्याकडून वाचून घ्या." जाताना 'आजोबा' म्हणाल्या. या वेळी मी हटकले नाही.

दि. १ डिसेंबर, सोमवार

कागद दिवसभर टेबलावर होता. सत्यशीला दोनदा त्याच्या भोवतीने झाडून गेली.

दि. २ डिसेंबर, मंगळवार

सत्यशीलेस समोर बसवून वाचावयास सांगितले. पहिल्या प्रश्नाला मी रिकाम्या पेल्यावर बोट ठेवले. तिने लिहून घेतले नाही. "मामा, परत वाचते." परत वाचले. मी बोट काठोकाठ भरलेल्यावर नेले.

त्यावर ती जी रडली, ते सबंध वस्तीने ऐकले. नागुबाई धावत दारात आल्या आणि माझ्या तोंडाकडे पाहत उभ्या राहिल्या – मी 'पुरे' म्हणेन म्हणून.

मी म्हणालो नाही. उद्या बुधवार.