माहीत असलेलं उत्तर

सर, तुम्ही मला त्या कोर्सवर घेतलंत ते मला काही येत नव्हतं म्हणून. तुम्ही हे लपवलंही नाहीत. विभागाच्या बैठकीत सगळ्यांसमोर म्हणालात की इंजिनिअर माणसाला गप्प बसवत नाही, विद्यार्थ्याचा प्रश्न विचारून संपायच्या आत उत्तर तोंडातून बाहेर पडतं. तेव्हा भाषेच्या मॅडमना घेऊ, त्यांना उत्तर माहीतच नसेल. सगळे हसले, मीही हसले. मी तेव्हा पहिल्या वर्षाला अर्ज कसा लिहावा आणि मुलाखतीत कसं बसावं हे शिकवायचे. साहित्यात एम. ए. करून मी नाशिकच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात विनंती-अर्जाचे नमुने तपासत होते. दुसरं कुणी मला कशासाठीही बोलावत नव्हतं. तुम्ही मेकॅनिकलचे प्रमुख, आणि तुम्ही बोलावलंत.

कोर्स साधा होता. चार-चार जणांच्या टीम. पुस्तकातलं उदाहरण नाही. शहरात हिंडून एका खऱ्या माणसाची खरी अडचण आणायची, चार महिने तिच्यामागे लागायचं आणि शेवटी काहीतरी करून दाखवायचं. प्रत्येक टीमबरोबर एक शिक्षक बसेल, पण तो फक्त प्रश्न विचारेल. उत्तर माहीत असलं तरी सांगणार नाही. हा तुमचा पहिला नियम. दुसरा असा की परीक्षेच्या दिवशी अडचण ज्याची तो माणूस हजर राहील आणि केलेली वस्तू तो घरी न्यायला तयार झाला तरच टीम पास. चौघांना एकच निकाल. प्राचार्यांनी विचारलं होतं की तोंडी परीक्षेला आता भाजीवाली बसवणार का. तुम्ही म्हणालात, बसवू, हातांची खुर्ची देऊ.

भाजीवालीच आली, सर. माझ्याच टीमने आणली. त्या टीममध्ये तीन मुलं आणि एक मुलगी होती. मुलगी मनमाडची, वडील रेल्वेत पॉइंट्समन. तिच्या घरी ठरलेलं होतं की एकही टर्म गेली नाही तोवरच हॉस्टेल. हे तिने मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं, तक्रार म्हणून नाही, गाडीची वेळ सांगावी तसं. मुलांपैकी दोघं हजेरीपुरते होते. तिसऱ्याचे वडील ओझरच्या कारखान्यात, त्याचा हात पत्र्याच्या कामात बसलेला. पण धावपळ सगळी तिची. नदीकाठच्या बाजारात आठ दिवस सकाळी जाऊन तिने अडचण आणली: मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या दुपारपर्यंत माना टाकतात आणि उरलेला माल गाईंपुढे जातो. दुसऱ्या आठवड्यात तिने टेबलावर आराखडा पसरला. दुहेरी पत्र्याची पेटी, मधे ओलं गोणपाट, बाजूला भोकं, वर झाकण. पाणी सुकताना आत गारवा राहील. तिने थर्मामीटर लावून पाहिलं होतं. ती बोलत होती आणि मी त्या चौकोनाकडे पाहत होते आणि मला पहिल्या मिनिटाला कळलं की ही पेटी एकही बाई घेणार नाही.

मला कळलं कारण माझी आई त्याच बाजारात बसायची. शहराला लागून असलेल्या आमच्या गावातून पहाटे टेम्पो निघायचा, त्यात बारा-पंधरा बाया आणि त्यांचं माळवं. जाताना माल खाली आणि बाया त्यावर. येताना रिकाम्या पाट्या एकात एक घालायच्या, त्यांची एक चवड व्हायची, ती कोपऱ्यात उभी राहायची आणि उरलेल्या जागेत बाया बसायच्या. सुट्टीच्या दिवशी मी त्या चवडीला धरून उभी राहिलेली आहे. पाटी एकात एक बसते म्हणून बाई घरी जाऊ शकते. पेटी कशातच बसत नाही. शिवाय जुडी उघड्यावर दिसली पाहिजे. झाकणाखालचा माल कालचा, असं गिऱ्हाईक धरूनच चालतं. हे एवढंच उत्तर होतं. यात इंजिनिअरिंग नव्हतं.

मी सांगितलं नाही. प्रश्न विचारता आला असता, सर, तुमच्या नियमात बसणारा. या बाया घरी कशा जातात, एवढं विचारलं असतं तर ती पोरगी दुसऱ्या दिवशी टेम्पोपाशी जाऊन उभी राहिली असती. मी विचारलं नाही, कारण कुणीतरी मला विचारलं असतं की मॅडम, तुम्हाला टेम्पोचं कसं सुचलं. स्टाफरूममध्ये माझ्या टेबलासमोर डॉक्टरांची सून बसायची, पलीकडे एका कंत्राटदाराचा मुलगा. माझ्या घरचं विचारलं तर मी म्हणायचे, शेती आहे. खोटं नव्हतं. आमच्याकडे शेती म्हटलं की लोकांना द्राक्षबाग दिसते, आणि मी ती दिसू द्यायचे. कोर्स सुरू झाल्यावर तो कंत्राटदाराचा मुलगा रोज विचारायचा, "काय मॅडम, आज कोथिंबीर काय भाव?" त्याला काही माहीत नव्हतं. तो सगळ्यांचीच चेष्टा करायचा. तरी माझे कान गरम व्हायचे आणि मी वही उघडून बसायचे.

चार महिने मी त्या टेबलाशी बसले. हे मला आता आठवतं ते वर्तमानकाळातच आठवतं. ती भोकांचा आकार बदलते आहे. ओझरचा मुलगा वडिलांकडून रिव्हेट मारायला शिकून आला आहे, पेटीच्या कडा इतक्या नीट वळवल्या आहेत की हात फिरवावासा वाटतो. ती विचारते, मॅडम, काही राहतंय का. मी म्हणते, तुम्हाला काय वाटतं? ती मान हलवते आणि पुन्हा आकडे लिहायला लागते. मी उठते, खिडकीपाशी जाते, परत येते, बसते. प्रत्येक आठवड्याला ठरवते की आज. मग पेटी आणखी पुढे गेलेली असते आणि आता सांगणं म्हणजे आधी का नाही सांगितलं याचं उत्तर देणं. तुम्ही दारातून डोकावून पाहायचात आणि समाधानाने निघून जायचात.

त्याच दिवसांत मी एकदा तुमच्या घरी आले होते. कारण काढलं होतं अहवालांच्या शुद्धलेखनाचं, आले होते सांगायलाच. तुम्ही एकटे राहत होता, स्वयंपाकघरात जमिनीवर वर्तमानपत्र पसरून मेथी निवडत बसला होता. मला पाट घ्यायला सांगितलंत. मी समोर बसले आणि निवडायला लागले. तुमची चार पानं खुडून होईतो माझी अर्धी जुडी झाली. तुम्ही थांबून माझ्या बोटांकडे पाहिलंत आणि म्हणालात, "हात सवयीचा आहे तुमचा." सर, दार उघडं होतं. तुमच्या आवाजात चौकशीसुद्धा नव्हती, नुसतं कौतुक होतं. मी म्हणाले, बायकांना येतंच. तुम्ही हं म्हणालात आणि मग चहा टाकलात, साखर जास्त पडली म्हणून हळहळलात. आपण शुद्धलेखनाबद्दल बोललो.

परीक्षेच्या दिवशी तुम्ही खरोखर हातांची खुर्ची मांडली होती. बाई नऊवारीत, पन्नाशीच्या, खुर्चीच्या टोकावर बसल्या. आधी चहा दिलात. मुलीने सगळं समजावून सांगितलं, पेटी उघडली, सकाळची कोथिंबीर बाहेर काढली. कोथिंबीर ताठ होती. बाईंनी ती नाकाशी नेली, पेटीवरून हात फिरवला, झाकण दोनदा उघडून मिटलं. म्हणाल्या, "लय झ्याक केलीय पोरांनी. पन मी ही घरी न्यायची कशी? टेम्पोत माझ्या जागंवर हिला बसवू, आन् मी चालत येऊ का?" बाहेरचे परीक्षक मोठ्याने हसले. तुम्ही हसला नाहीत. तुम्ही मुलीकडे पाहिलंत आणि हळू विचारलंत की बाजार उठल्यावर काय होतं हे टीमने पाहिलं होतं का. ती म्हणाली, नाही सर, आम्ही सकाळीच जायचो, दुपारी तास असायचे. तुम्ही कागदावर निकाल लिहिलात. पुन्हा करावं.

नंतर व्हरांड्यात बाई मला थांबवून पाहत राहिल्या. मी नमस्कार करून पुढे जाणार होते. त्या म्हणाल्या, "तू खालच्या मळ्यातल्या ताईची लेक ना गं? मी तुझ्या आईसंगं एकाच टेम्पोत यायची. पाट्या धरून उभी राह्यची तू, येवढीशी." मी हो म्हणाले. नाही म्हणण्याइतकं धैर्य किंवा निलाजरेपणा माझ्यात नव्हता. त्यांनी आईची तब्येत विचारली, ती आता बाजाराला येत नाही तर बरं करते म्हणाल्या, माझ्या गालावरून हात फिरवला आणि गेल्या. पेटीचं झाकण हातात धरून मुलगी माझ्या मागे उभी होती.

ती म्हणाली, "मॅडम, म्हणजे तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

मी म्हणाले, "कोर्सचा नियम आहे. आपण उत्तर सांगत नाही."

तिने मान हलवली. विद्यार्थी हलवतात तशी, समजलं म्हणून. मग झाकण पेटीवर ठेवायला आत गेली.

संध्याकाळी तुम्ही मला तुमच्या खोलीत बोलावलंत. बाईंचं आणि माझं बोलणं तुमच्या कानावर आलं होतं. तुम्हाला वाईट वाटलं असेल अशा समजुतीने मी उभीच राहिले. तुम्ही म्हणालात, "माहीत असून चार महिने गप्प बसलात. मला जमलं नसतं. हा कोर्स तुम्हालाच कळला." मला तेव्हा म्हणायला हवं होतं की सर, तो नियम नव्हता, ती लाज होती, त्या पोरीची टर्म माझ्यामुळे गेली, निकाल बदला. तुम्ही बदलला असता. ज्या माणसाने भाजीवालीसाठी हातांची खुर्ची मांडली, तो आपला एक कागद फाडायला कचरला नसता. मी म्हणाले, थँक्यू सर.

ओझरच्या मुलाने आणि त्या दोघांनी पुढच्या टर्ममध्ये चेष्टामस्करी करत कोर्स पुन्हा केला. मुलीचं हॉस्टेल गेलं. ती मनमाडहून रोज सकाळच्या गाडीने येऊ लागली, नाशिक रोडला उतरून पुढे सिटी बस. पहिल्या तासाला तिचे डोळे मिटायचे. ती तुम्ही पुन्हा माझ्याच टीममध्ये दिलीत, ती माझ्या हाताखाली तयार झालीय म्हणालात. नव्या टीमच्या पहिल्या बैठकीत तिने सगळ्यांना सांगितलं की या विषयातलं कुणाला आधीच काही माहीत असेल तर आत्ताच बोला, मागाहून नको. वहीकडे पाहत म्हणाली. विषय कुंभारवाड्यातल्या भट्टीचा होता. मला त्यातलं काही माहीत नव्हतं, आणि मला हायसं वाटलं. ती पास झाली. पुढची दोन वर्षं जिन्यात भेटली की गुड मॉर्निंग म्हणायची. त्यात कडवटपणा नसायचा, आणि त्यापुढे काही नसायचं. नंतर ती कुठे गेली मला ठाऊक नाही. शोधलं असतं तर सापडली असती.

ती पास झाली त्याच उन्हाळ्यात तुम्ही गेलात, सुट्टीत, कुणाला कळवायलाही वेळ नव्हता. शोकसभेत मला बोलायला सांगितलं. मी भाषेची ना. मी दोन नियमांबद्दल बोलले. तुम्ही माझ्याबद्दल काय म्हणाला होता तेही सांगितलं, आणि त्यावरून कोर्स माझ्याकडे आला. त्याला आता दहा वर्षं होऊन गेली. आता मुलांच्या हातात मोबाइल आहेत, प्रोजेक्ट दुकानात तयार मिळतात, काळ्या बांधणीच्या अहवालासकट. मी दर वर्षी नव्या शिक्षकांना तुमचा पहिला नियम समजावते आणि समजावताना उभी राहते, बसून मला ते बोलता येत नाही. टीमबरोबर बसले की मात्र मी तो पाळत नाही. मधेच बोलते. माझ्या हाताखालची मुलं म्हणतात, मॅडमना धीर नाही. खरं आहे. कुणी आराखडा पसरला की मी उत्तर असेल-नसेल ते सांगून मोकळी होते. बऱ्याचदा ते चुकीचंही असतं.

हे पत्र तुमच्या जुन्या पत्त्यावर टाकावं असं काल वाटलं होतं. तिथे आता इमारत आहे. तुम्ही हयात असतात तरी हे पाठवलं असतं की नाही, याची मला खात्री नाही. मेथी निवडताना नाही बोलले ती मी.

गेल्या आठवड्यात एका टीमने कोथिंबिरीची मुळं छाटून जुड्या बांधायचं यंत्र आणलं. माल हलका होतो, चिखल जातो, त्यांनी हिशोबाने सिद्ध केलं होतं. मी सांगितलं की मुळं राहू द्या. गिऱ्हाईक मूळ बघून ठरवतं जुडी आज उपटली की काल, छाटली तर कुणी घेणार नाही. एकाने आराखडा गुंडाळला. मला बरं वाटलं, तेवढा वेळ. मग त्याने विचारलं की मॅडम, तुम्हाला हे कसं माहीत. मी म्हणाले, वाचलं होतं कुठल्याशा पुस्तकात. त्याने पेन काढलं. पुस्तकाचं नाव हवं होतं, अहवालात संदर्भ द्यायला. मी म्हणाले, आठवून सांगते. त्याने त्यानंतर दोनदा विचारलं आहे.