लाल झाकण, निळं झाकण

५ जानेवारी, रविवार
गोळी घेतली अन् लगेच मळमळ! संधिवाताची गोळी, आठवड्यातून एकच, पण रविवार पार नासवते. नणंद माया वलगावहून आली होती. "वहिनी, सोडा ते! हळद भरलेल्या कॅप्सूल घ्या. माही बोटं पाहा कशी मोकळी झाली!" वळवून दाखवली. माझ्या हातांना सकाळी तवा उचलवत नाही.

७ जानेवारी
डॉक्टरीणबाईंना विचारलं. म्हणाल्या, काही लहान अभ्यासांत हळदीनं दुखणं थोडं कमी झालेलं दिसतं, पण पक्का पुरावा नाही. घ्यायची तर गोळीच्या जोडीनं. गोळी सोडून नाही.

पक्का पुरावा नाही? मग मी काढते! राजापेठेच्या शाळेत मुलांना आयुष्यभर विज्ञान शिकवलं ते काय उगाच? मेडिकलमधून रिकाम्या कॅप्सूल आणल्या. दोन बरण्या — एकीचं झाकण लाल, एकीचं निळं. एकीत हळदीच्या कॅप्सूल, दुसरीत बेसनाच्या. कोणत्या कशात ते फक्त ह्यांना माहीत. आधी लाल संपवायची, मग निळी.

हे म्हणाले, "मास्तरीणबाई, रिटायर झाली ना तू?" पण बसले भरत, दार लावून!

९ फेब्रुवारी, रविवार
लाल बरणी संपली. मूठ मिटते! आज स्वतः भाकर थापली. हे जेवायचं सोडून माझ्या हातांकडेच पाहत होते. लाल म्हणजे हळद, शंकाच नाही. उद्यापासून निळी.

आजची गोळी घेतली नाही. ह्यांना कशाला सांगू? ओरडतील.

२३ फेब्रुवारी, रविवार
गोळी नाही, मळमळ नाही. काय सुख आहे!

१६ मार्च, रविवार
मनगटं सुजली. वेणीसुद्धा ह्यांनी घालून दिली, तीही वाकडी! चिडले त्यांच्यावर, मग रडूच आलं. हे कोमट पाण्यात माझे हात धरून बसले. "बस कर ना आता हे."

नाही! निळी म्हणजे बेसन, दुसरं काय? बेसन खाऊन हेच होणार. बरणी संपत आली म्हणून संध्याकाळी ह्यांना पुन्हा भरायला लावली. उद्या दवाखान्यात ठणकावून सांगते — हळदच पुरेशी आहे, गोळी कायमची बंद.

१७ मार्च
ह्यांनी सकाळी चहा आणून दिला. बोटं पिवळीजर्द! बेसनानं बोटं अशी रंगतात कधी?

"निळीत हळद आहे? मग लालमध्ये बेसन होतं?"

मान खाली. "दोन्हीत हळदच हाय. तू दुखण्यानं कळवळून राहिली अन् मी तुले बेसन चारू? माह्यानं नाही झालं."

एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे मीच मुलांकडून घोकून घ्यायची! हळद तर सगळे दिवस पोटात होती. नव्हती ती गोळी. अन् ते ह्यांना अजून माहीत नाही.