सकाळची गोळी

मंगळवार, ता. १४
दुपारची सुट्टी

ती. बाबा,

नमस्कार. मी बरी आहे, जेवण वेळेवर होतंय. हे आधी आईला वाचून दाखवा, म्हणजे ती पुढचं तुम्हाला निवांत वाचू देईल.

तुम्ही शिवलेला एप्रन दवाखान्यात गाजतोय. आमच्या थोरल्या ताई बावीस वर्षं लोकांचे दात साफ करतायत, कशाचं म्हणून कौतुक करत नाहीत. त्यांनी काल माझी बाही उलटून शिवण पाहिली. "आतूनही इतकं नीट? तुझे वडील माणूस आहेत की मशीन?" मी म्हटलं, "मशीनवरचा माणूस." खोलीची खिडकी मात्र अजून नीट लागत नाही. तुमच्या टेपचा तुकडा फटीत कोंबलाय.

एवढ्यासाठी पत्र कशाला, असं म्हणाल. पण फोनवर तुम्ही "बरी आहेस ना, टाचणी? थांब, आईला देतो" याच्या पुढे जात नाही. आणि हे मलाही तोंडाने बोलता येणार नाही.

आई सांगत होती, शनिवारी तुम्ही खालचे पुढचे सहा दात काढून घेणार आहात. मी म्हटलं, थांबव त्यांना. तर म्हणाली, "मी काय थांबवणार? तुझ्या पदवीच्या दिवसापासून तीन-तीनदा घासतात, रक्त येईपर्यंत. हसताना तोंडाला रुमाल. गिऱ्हाइकं विचारतात, मास्तर, सर्दी का?"

काल आमच्याकडे एक बाई आल्या, टपाल कचेरीतून निवृत्त झालेल्या. हिरड्या फुगून दातांवर चढलेल्या. मी लगेच ब्रश कसा धरायचा ते शिकवायला लागले. त्या तोंडाशी हात धरून ऐकत होत्या. थोरल्या ताई मागून म्हणाल्या, "मास्तरीणबाई, आधी विचारा, त्या गोळ्या कुठल्या घेतात."

बाईंनी पर्समधून पाकीट काढलं. रक्तदाबाची गोळी, अ‍ॅम्लोडिपीन. ताई त्यांच्या शेजारी स्टूल ओढून बसल्या. "या गोळीने काही जणांच्या हिरड्या वाढतात. तुमचा आळस नाही हा." बाईंच्या डोळ्यांत पाणीच आलं. म्हणाल्या, "दोन वर्षं झाली, सुनेसमोर तोंड उघडून हसले नाही हो मी."

त्या पाकिटावर हिरवी रेघ होती, बाबा. तुमच्या बटणांच्या डब्यात असतं ना, तेच पाकीट.

आणि मला हे माहीत नव्हतं असंही नाही. औषधशास्त्राच्या परीक्षेआधी तुम्हीच माझी उजळणी घ्यायचात. ओठांत टाचण्या, त्यामुळे निम्मे शब्द कळायचेच नाहीत, आणि मी हसून लोळायचे. हिरड्या वाढवणाऱ्या औषधांची यादी मी घडाघडा म्हटली. चौथं नाव हेच. तुम्ही पुस्तकावर बोट ठेवून मान हलवलीत, बरोबर. सकाळीच तुम्ही ती घेतली असणार! पण आपल्या घरात तिला नाव कुठे होतं? ती फक्त 'बाबांची सकाळची गोळी'. त्या विषयात मी वर्गात पहिली आले.

आता जे मघापासून टाळतेय ते लिहिते. पदवीच्या दिवशी फोटोवाला "हसा" म्हणाला आणि तुम्ही अगदी मनापासून हसलात, दातांवर चढलेल्या हिरड्यांसकट. शेजारी आमच्या मॅडम होत्या, मैत्रिणी होत्या. मी म्हटलं, "बाबा, तोंड मिटा! दात घासत नाही का? माझी लाज काढाल." सगळ्या हसल्या. मी पण. फोटोत तुमचे ओठ घट्ट मिटलेले आहेत, आणि मी दात दाखवतेय.

रोज अनोळखी माणसांना मी पहिला प्रश्न विचारते, कुठली औषधं घेता? तुम्हाला कधी विचारला नाही. तुम्ही माप घेतल्याशिवाय कापडाला कात्री लावत नाही. मी तुम्हाला लावली, चारचौघांत. मला माफ करा, बाबा.

आता कामाचं, नीट वाचा. गोळी बंद करायची नाही, एक दिवससुद्धा नाही. ती बदलायची की नाही, हे तुमचे डॉक्टर ठरवतील. तो अधिकार ना माझा, ना तुमचा. आमच्या दंतवैद्यांनी त्यांच्यासाठी चिठ्ठी दिलीये, सोबत आहे. हिरड्या गोळीमुळेच वाढल्यात का, तेही तपासूनच कळेल. मी तेवढी शहाणी झाले नाही अजून. पण तपासण्याआधी दात काढू नका. शनिवारची वेळ पत्र मिळताच रद्द करा. तोवर दिवसातून दोनदा घासा, हलक्या हाताने, मलमलीवर इस्त्री फिरवता तसं.

शुक्रवारी दुपारच्या गाडीने येतेय. दुकानातच येईन. खुर्ची उजेडाकडे वळवून ठेवा. मी आधी विचारेन, मग बघेन. आणि माझ्यासमोर दाताने दोरा तोडलात, तरी एक अक्षर बोलणार नाही. तोडाच. मला बघायचंय.

तुम्हाला एकदाही न विचारलेली,
तुमचीच
टाचणी